मामाजींची ओम्नी की नवी ईको?

पत्र दर्यापूर तालुक्यातल्या एका ताईंचं आहे. थोडं कापून देतो.

"आम्ही पाच जणी मिळून स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेतो. लग्न, तेरवी, भंडारा, जे येईल ते. मांडे, रोडगे, वांग्याची भाजी. मोठे गंज आणि कढया बिछायत केंद्रवाला देतो. मांड्याची खापरं, पराती आणि मसाल्याचे डबे आमचे असतात. आजवर भाड्याची गाडी सांगत होतो. जाताना ती वेळेवर येते, परतीला रात्री अकरा अकरा वाजेपर्यंत वाट पाहतो. म्हणून जुनी व्हॅन घ्यायचं ठरवलं. गाडी माझा मुलगा चालवेल. दोन लाख जमले आहेत, बाकी बचत गटाचं कर्ज. तीन गाड्या पाहिल्या. पहिली २०१२ ची ओम्नी, मध्य प्रदेशच्या नंबरची, गॅस किट बसवलेली, सव्वा लाख. दुसरी २०२१ ची ईको, पेट्रोल, सात सीटर, नागपूरच्या डीलरकडे, ५८ हजार किलोमीटर, तीन लाख साठ हजार. तिसरी २०२१ ची डिझेल सात सीटर, पावणेसहा लाख, गाडी दणकट. मामाजी म्हणतात, 'जुनी गाडी पान्या-पेचकसानं सुधरते. नव्या गाडीत सारे सेन्सर, बंद पडली का टोचनच लावा लागते.' मुलाला डिझेल पाहिजे. मधल्या दिवसांत शाळेची पोरं नेऊन हप्ता काढीन म्हणतो. आम्ही काय घ्यावं?"

ताई, मामाजींचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ज्यांनी कार्ब्युरेटर आणि पॉइंटच्या गाड्या चालवल्या, त्यांनी रस्त्याच्या कडेला बसून प्लग घासला, जेट फुंकला आणि गाडी घरी आणली. ही आठवण खरी आहे. पण तिच्यातच दुसरी एक गोष्ट आहे: तेव्हा रस्त्याच्या कडेला बसावं लागायचंच, आणि वरचेवर. सुधरायला सोपी गाडी वेगळी आणि बंद न पडणारी गाडी वेगळी. आपल्याकडे या दोन्हींना एकाच तोंडानं 'मजबूत' म्हणतात आणि सौदा तिथेच चुकतो. रात्री अकराला अंजनगावच्या रस्त्यावर पाच बायका उभ्या असतील, तर गाडी पेचकसानं सुधरते याचा काय उपयोग? तिथे पेचकस धरणारा माणूस कुठून आणायचा? तुम्हाला दुसऱ्या प्रकारची गाडी हवी आहे.

आणि एक गंमत मामाजींना जरूर सांगा. २०१२ ची ओम्नी ही त्यांच्या आठवणीतली ओम्नी नाहीच. तिच्यात कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल मोजून फवारणारं एमपीएफआय इंजिन आहे. म्हणजे तिच्यातही कॉम्प्युटर आहे, सेन्सर आहेत, टाकीत विजेवर चालणारा पेट्रोल पंप आहे. फरक इतकाच की हे सगळं सामान आज तेरा-चौदा वर्षांचं झालं आहे. वायरींचं प्लॅस्टिक उन्हानं कडक झालेलं, कनेक्टरला हिरवट गंज, आणि गॅस किट बसवताना कुणीतरी मधूनच तारा कापून जोड दिलेले. नवेपणाचे दोष आणि म्हातारपणाचे दोष, दोन्ही एकाच गाडीत मिळतात आणि वर सव्वा लाख द्यायचे.

आता सेन्सरच्या भीतीबद्दल. साध्या पेट्रोल गाडीला रस्त्यात बंद पाडणारी कारणं मोजकी असतात. मेलेली बॅटरी किंवा तिचं ढिलं टर्मिनल. बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या तारेवर चढलेला गंज. टाकीतला पंप, आणि हा पंप बहुतेक वेळा आपणच मारतो: तो पेट्रोलमध्ये बुडून थंड राहावा म्हणून टाकीत ठेवलेला असतो, आणि आपण 'शंभराचं टाक' करत कायम रिझर्व्हवर गाडी फिरवतो. इंजिनाचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर कधी तापल्यावर रुसतो, पण तो साध्या गॅरेजातही बदलता येतो. आणि उंदीर. सोयाबीन-तूर घरात आली की उंदीर बोनेटखाली, सीटखाली मुक्कामाला येतात आणि वायरी कुरतडतात. हे कुठल्या वर्षाच्या गाडीला होत नाही?

त्याहून मोठा शत्रू म्हणजे आपल्या चौकातला हौशी इलेक्ट्रिशियन. मोठा हॉर्न, निळे लाइट, टेप, रिव्हर्सचं गाणं, सगळ्यासाठी कंपनीची वायर सोलून टेप गुंडाळायची. नव्या गाडीला हे सोसत नाही. कॅरिअरचं वेल्डिंग करतानाही बॅटरीची तार न काढता सुरू करतात. त्यात कॉम्प्युटर उडू शकतो, मग दोष 'नव्या गाडी'च्या नावावर. तुमच्या मुलाला गाडी घ्यायच्या आधीच एवढं समजावा.

ओम्नीचा विषय आता संपवतो, कारण तिच्याविरुद्ध बाजू जड आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पुन्हा पासिंगला न्यावी लागेल, फी पाच हजार, हरित कर वेगळा, आणि पास झाली तर पाच वर्षं. मध्य प्रदेशचा नंबर असल्यानं तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग इथला रोड टॅक्स, मग अमरावतीचा एमएच-२७ नंबर. बाहेरच्या नंबरवर बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे चालवता येत नाही. बैतुलकडून येणाऱ्या गाड्या स्वस्त दिसतात, त्यातला बराच स्वस्तपणा या कागदांत परत जातो. गॅस किटची नोंद आरसीवर आहे का, हे मालकाला विचारू नका, आरसी हातात घेऊन बघा. आपल्या भागात ऑटो एलपीजीचा पंप सहज सापडत नाही, मग या गाड्या कशावर चालतात हे सगळ्यांना माहीत आहे. घरगुती सिलिंडरमधून गॅस ओढून भरलेली व्हॅन, इंजिन पुढच्या सीटखाली, मागे पाच बायका. हा विचार करायचासुद्धा नाही.

शिवाय ओम्नीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. २०१९ पासून हे नियम कडक होत गेले आणि त्याच वर्षी ओम्नी बंद झाली. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची आहे. शेजारच्या सीटची, आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना, २०२१ च्या अखेरीपासून. म्हणजे तुम्ही पाहिलेल्या ईकोत चालकाची नक्की असेल, दुसरी असेल की नाही ते गाडीत बसून बघा. ईको म्हणजे किल्ला आहे असं मात्र समजू नका. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेल्या ईकोची टक्कर चाचणी केली तेव्हा तिला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. पुढे नाक आखूड असलेली, उंच, हलकी गाडी आहे. बेल्ट लावायचा, मागच्यांनीही, आणि रात्री साठच्या वर जायचं नाही.

डिझेलबद्दल मुलाचा हिरमोड होईल, पण मामाजींची भीती खरी कुठे लागू होत असेल तर इथे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ आलं, म्हणजे धुराचे नियम कडक झाले. पेट्रोल व्हॅनसाठी तो बदल तसा लहान होता. डिझेलच्या धुरासाठी मात्र अख्खा कारखाना सायलेन्सरच्या वाटेवर बसवावा लागला. त्यातला डीपीएफ नावाचा फिल्टर काजळी अडवतो आणि भरला की स्वतःला तापवून, सहाशे अंशांच्या आसपास, ती काजळी जाळतो. त्यासाठी गाडी काही वेळ सलग आणि एका वेगात पळावी लागते. समृद्धी महामार्गावर रोज पळणाऱ्याला याची जाणीवही होत नाही. तुमची फेरी कशी? घरून निघाले, बारा किलोमीटरवर मंगल कार्यालय, गाडी बंद. संध्याकाळी बाजारातून तेलाचा डबा, पुन्हा बंद. काजळी साचते, जळत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागतो, मुलगा म्हणतो 'चालते, पाहू', आणि मग गाडी स्वतःच जोर कमी करते. फिल्टर बदलायचा खर्च ऐकून बचत गटाची बैठक बोलवावी लागेल. काही गाड्यांना वेगळा युरियाचा द्रवही भरावा लागतो. कुणी म्हणेल, फिल्टर काढून टाकू, सॉफ्टवेअर मारून देतो. ते बेकायदेशीर आहे, आणि अशी 'मोकळी' केलेली गाडी तुमच्या गळ्यात बांधली जात असण्याचीही शक्यता आहे. डिझेल गाडी वाईट नाही. तुमच्या कामाला ती चुकीची आहे.

राहिली ईको. माझं मत तिच्याकडेच आहे, पण 'या' ईकोकडे की दुसऱ्या एखाद्या, ते तपासल्यावर ठरेल. डीलर म्हणाला असेल, 'डॉक्टरची गाडी, एकहाती.' नागपुरातले डॉक्टर इतक्या गाड्या विकत असतील तर दवाखाने कधी चालवतात कोण जाणे. एसी नसलेली सात सीटर ईको डॉक्टर सहसा घेत नाही. ती बहुधा शाळेला, सवारीला किंवा मालाला चाललेली असते. त्यात गैर काही नाही, फक्त किंमत तशी हवी. मागच्या सीटचे नटबोल्ट वारंवार उघडल्याच्या खुणा, सरकत्या दाराचे झिजलेले रोलर, दाराच्या कडेला रबराखाली दडलेला दुसरा रंग, हे बघा. ब्रेकच्या पायडलचं रबर गुळगुळीत आणि स्टेअरिंग चकाकतंय, तर ५८ हजाराचा आकडा विसरा. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जा. आधीच्या सर्व्हिसिंगला किती किलोमीटर नोंदले होते ते तिथे कळतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. ५८ हजाराच्या गाडीचे टायर २०२४ चे असतील तर ठीक. २०२१ चेच असतील आणि खाच शाबूत असेल, तर आकडा खरा असावा.

गाडी बघायला सकाळी जा आणि डीलरला सांगू नका की कधी येता. इंजिन थंड असताना सुरू झालेलं बघायचं आहे. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन काहीतरी लपवतंय असं समजा. चावी फिरवल्यावर, स्टार्टर मारण्याआधी, इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कुणीतरी त्याची सोय केली आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. सोबत असा पोरगा न्या ज्याच्याकडे ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारी डबी आहे. मोबाइलला जोडणारा स्कॅनर आता हजार-दीड हजारात मिळतो आणि स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लागतो. नुसतं 'कोड नाही' यावर खूश होऊ नका, कारण कोड पुसायला एक बटण पुरतं. स्कॅनरमध्ये 'रेडीनेस' बघा, म्हणजे गाडीनं स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्या आहेत का ते. तिथे बहुतेक तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर कॉम्प्युटरची स्मृती नुकतीच पुसली गेली आहे. मामाजींच्या पेचकसाची जागा आता या डबीनं घेतली आहे. नव्या गाडीची ही बाजू फार थोडे लोक वापरतात.

रेडिएटर खास बघा, कारण आपण खारपाणपट्ट्यात राहतो. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडचं बोअरचं पाणी पिकाला चालत नाही, ते रेडिएटरला कसं चालेल? तरी लोक कूलंट सोडून तेच ओततात. आत क्षार बसतो, नळ्या बुजतात, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत गाडी उकळते. थंड इंजिनावर झाकण उघडा. हिरवं किंवा निळं स्वच्छ कूलंट दिसलं तर छान, तांबूस गढूळ पाणी दिसलं तर किंमत उतरवा किंवा निघून या. चिखलदऱ्याच्या घाटात चार माणसं बसवून न्यायची सोय झाली तर त्याहून चांगली परीक्षा नाही. वर पोचल्यावर इंजिन बंद न करता दहा मिनिटं उभं ठेवा आणि काटा बघत राहा. डीलर तेवढं लांब देणार नाही, निदान पाच जणी बसून फ्लायओव्हर चढवून आणा. रिकाम्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे काहीच नाही. खापरं सोबत नेली तर सस्पेन्शनचाही निकाल लागेल, पण ती फुटली तर मला लिहू नका.

पेट्रोलचाही एक मुद्दा आहे. आता पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं ई२० मिळतं. ते पूर्ण मानवेल असं सामान १ एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आहे. २०२१ ची ईको त्याआधीची, म्हणून इंधनाचे रबरी पाइप आणि सील तपासून, शंका आली तर बदलून घ्या; खर्च फार नाही. ॲव्हरेज थोडं कमी मिळेल. कंपनीचा तेव्हाचा दावा लिटरला १६.११ किलोमीटरचा होता, तुम्ही हिशेब तेराचा धरा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि तुमची गाडी चातुर्मासात, लग्नं नसताना, पावसाळाभर उभी राहणार. टाकी रिकामी ठेवू नका, आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवा. बॅटरीही जगेल आणि उंदरांना घर करायला वेळ मिळणार नाही.

सीएनजी ईको कुणी सुचवली, तर आधी तुमच्या नेहमीच्या वाटेवर पंप आहे का ते बघा. गॅसच्या टाकीपायी मागची जागाही जाते आणि दर तीन वर्षांनी त्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते.

मुलाच्या शाळेच्या योजनेला मात्र नाही म्हणा. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, आणि शाळेच्या मुलांसाठी महाराष्ट्रात २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत, परवाना लागतो. पोलिसांचा दंड एक वेळ भरता येईल. अपघात झाला आणि विमा कंपनीला कळलं की गाडी भाड्याला होती, तर दावा अडकतो आणि भरपाई थेट तुमच्या घरावर येऊ शकते. तुम्ही पाच जणी आपल्या कामाला जाता, ते वेगळं. सीट काढून मालगाडी करणं तेही नको. तो गाडीतला बदल धरला जातो. व्यावसायिक गॅसचे सिलिंडर या बंद गाडीत माणसांसोबत नेऊ नका, बिछायतवाल्याच्या छोट्या हत्तीवर जाऊ द्या.

कागदांचं थोडक्यात. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा बघा. आधी गाडी पिवळ्या पाटीची होती का, हेही विचारा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही डीलरच्या हातून नव्हे, शक्यतो मालकाला समोर बसवून घ्या. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा आणि तीस दिवसांत आरसी तुमच्या नावावर करायला अर्ज द्यायचा. 'करून देऊ ना ताई, दोन महिन्यांत' हे ऐकलं की उठायचं. सौदापावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, म्हणजे त्या दिवशीच्या चलनाचा वाद राहणार नाही.

पैशाचं असं करा. तीन लाख साठ हजार ही सुरुवातीची मागणी आहे, तिथेच थांबू नका. तपासणीत निघालेला प्रत्येक दोष कागदावर लिहून डीलरसमोर ठेवा. जे काही ठरेल त्याच्या वर तीस हजार बाजूला ठेवा: सगळी ऑइलं, कूलंट, बॅटरी, ब्रेक, पाइप, गरज पडली तर दोन टायर. हे काम पहिल्या ऑर्डरच्या आधी. विमा घेताना रस्त्यावरच्या मदतीचं कलम जोडून घ्या, रात्रीच्या टोचनसाठी मामाजींनाही तेवढं पटेल. आणि ही ईको घाटात किंवा स्कॅनरवर नापास झाली, तर नाराज होऊन ओम्नीकडे वळू नका. दुसरी पाच सीटर ईको, आणि मुलगा धरून सहा जण होतात म्हणून एक जण दुचाकीनं, असंही चालेल. डीलर मंडळी घाई करतात ती त्यांच्या सोयीनं. तुमची खरी घाई तुळशीचं लग्न लागल्यावर सुरू होते.